काठीवरची खालची रेघ

मोरेश्वर गेला त्या दुपारी त्याच्या बायकोचा फोन आला, तेव्हा मी मीटिंगमध्ये होतो. फोन कट करून 'नंतर करतो' असं कळवलं. तिने दोनच शब्द लिहिले, 'हे गेले'... मीटिंग संपेपर्यंत मी खुर्चीवरून उठलो नाही, हेही सांगून टाकतो.

मोरेश्वर नवी मुंबईतल्या तळवली गावचा. एका मोबाइल कंपनीत आम्ही दोघं पंधरा वर्षं नेटवर्क मोजत फिरलो. सिग्नल कुठवर पोचतो ते बघायचं आणि अहवालावर सही करायची, हे आमचं काम. पुढे कंपनीने अतिउच्च फ्रिक्वेन्सीचा परवाना घेतला. या लहरींवर इंटरनेटला वेग अफाट, पण लहरींच्या अंगात दम नाही. झाडाची फांदी, खिडकीची काच, माणसाचा हातसुद्धा त्यांना अडवतो. म्हणून चाचणीत फोन काठीला बांधून अंगापासून लांब, उंच धरायची पद्धत. मोरेश्वरने आपल्या काठीवर खाली एक रेघ मारली होती. ओट्यावर बसून नातीशी व्हिडिओ कॉल करणाऱ्या त्याच्या आईच्या हाताची ती उंची. "मानूस फोन हातान धरतो, काठीला नाय बांधत," तो म्हणायचा.

जगात कुठे या लहरींचा लिलाव होतो, कुठे कारखान्यांना आपल्या आवारापुरता परवाना मिळतो, हे सगळं तो वाचून ठेवायचा. जासईच्या कंटेनर यार्डात अँटेना लावा, मोकळी जागा आहे, क्रेनवाल्यांना तरी उपयोग होईल, असं त्याने लेखी दिलं. साहेब म्हणाले, "परवान्याची अट आहे, मुदतीत सेवा सुरू झालेली दिसली पाहिजे. दिसली पाहिजे, बस." मग बोनकोड्यात एका इमारतीवर अँटेना लागली, कारण समोरच्या गच्चीवरून ती सरळ दिसत होती, म्हणजे तिथे मोजणी हमखास पास.

मोरेश्वरने गच्चीवर मोजलं. मग खाली एका घरात खिडकी लावून, फोन हातात धरून, त्या रेघेच्या उंचीवरही मोजलं. तिथे सिग्नलच नव्हता. त्याने दोन्ही गोष्टी अहवालात लिहिल्या. घरातलं काढून टाक म्हटल्यावर त्याने नकार दिला, आणि दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला पाठवलं. माझी काठी मोडली होती, म्हणून त्याचीच मागितली. त्याने काही न विचारता दिली. मी गच्चीवरून खाली उतरलोच नाही. काठी उंच धरली, मोजलं, सही केली, काठी त्याला परत दिली. मुलीचं कॉलेज, पन्नाशीचं वय, अशी कारणं माझ्यापाशी होती. ती मला तेव्हाही पटली नव्हती. महिन्याभरात त्याचा राजीनामा घेतला गेला, आणि अट पूर्ण झाली तशी ती अँटेनाही बंद झाली. तो मात्र माझ्याशी पूर्वीसारखाच बोलत राहिला. एकदा तरी शिवी द्यायला हवी होती त्याने...

तेराव्यानंतर तळवलीला गेलो. आई ओट्यावर बसली होती.

"तुमी पन त्याच्याच हापिसान ना? मंग माज्या पोराचीच नोकरी कशी गेली?"

"कपात झाली, आई."

ही माझी दुसरी सही. तिने मान हलवली आणि कोपऱ्यातली काठी पुढे केली. "न्या. तुमच्या कामाची हाय."

काठी आता माझ्या घरात दाराआड उभी आहे. उभ्याने जाता-येता ती मला दिसत नाही. सकाळी ऑफिसला निघताना बूट घालायला खाली बसतो, तेव्हा ती रेघ बरोबर डोळ्यांसमोर येते.