सप्टेंबरच्या गाड्या

अमेरिकेत, मिशिगनमधल्या डेट्रॉइटजवळच्या ट्रॉय गावातल्या ऑफिसात मी नोकरीला लागले, तेव्हा माझा टीम लीड इंग्लंडमध्ये तीन वर्षं काढून नुकताच आलेला होता. मूळचा पुण्याचा, पण ते विसरायची त्याला फार घाई. पार्किंग लॉटला तो हट्टानं ‘कार पार्क’ म्हणायचा, डिकीला ‘बूट’. अमेरिकेतलं सगळंच त्याला गावंढळ वाटायचं. का आलास मग बाबा, असं विचारायची कुणाची छाती नव्हती.

मिशिगनमध्ये नंबरप्लेट गाडीला फक्त मागेच लागते. पुढची जागा मोकळी, तिथे लोक आपल्या कॉलेजची नाहीतर फुटबॉल टीमची पाटी लावतात. यानं तिथे इंग्लंडमधल्या आपल्या जुन्या गाडीचा नंबर लावला होता. पांढरी, लांबट, मुद्दाम करून आणलेली पाटी. येईल त्याला सांगायचा, “लंडनच्या शोरूममधून नवी कोरी उचलली होती!”

२००६ साली आमच्याकडे एका इंग्लिश कस्टमरचं काम आलं. ते गाड्यांचे सुटे भाग विकायचे. गिऱ्हाईकानं गाडीचा नंबर टाइप केला की तो बरोबर आहे का, ते स्क्रीननं तपासायचं. हा प्रोग्रॅम माझ्याकडे आला.

“एकदम सोप्पं आहे, यार,” लीड म्हणाला. “पहिली दोन अक्षरं गाडी कुठे नोंदवली त्याची, मग दोन आकडे वर्षाचे, मग तीन अक्षरं कशीही. शून्य दोन ते शून्य सहा चालतील. बाकी सगळं रिजेक्ट कर.”

कस्टमरनं पाठवलेली कागदपत्रं मी वाचली होती. ती त्यानं उघडलीसुद्धा नव्हती, हे तिथेच कळलं. मी म्हणाले, “पण वर्षातून दोनदा आकडा बदलतो ना? मार्चपासूनच्या गाड्यांना वर्षाचे आकडे, आणि सप्टेंबरपासूनच्या गाड्यांना त्यात पन्नास मिळवून. २००३ च्या मार्चची गाडी ०३, सप्टेंबरची ५३.”

“तू कधी गेलीयेस का यूकेला?”

“नाही.”

“मी राहिलोय तिथे. रोज ड्राइव्ह केलंय. मला नको शिकवूस.”

मी ईमेल लिहून पुन्हा विचारलं. एका ओळीचं उत्तर आलं: सांगितलंय तसं कर.

संध्याकाळी घरी निघताना त्याच्या गाडीजवळून गेले आणि थबकले. पाटीवर आकडा होता ५३. पाटी स्वतः करून आणली, रोज पुढ्यात पाहतो, चार लोकांना दाखवतो, आणि तिच्यावर काय लिहिलंय ते या गृहस्थाला माहीत नाही! परत वर जाऊन सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही. त्याच्या म्हणण्याप्रमाणे प्रोग्रॅम लिहिला, बरोबर नियमही लिहिला आणि तो बंद करून ठेवला.

डेमोला कस्टमरचे एक वयस्क गृहस्थ इंग्लंडहून आले. मोठं माणूस आलं की कीबोर्ड माझ्या हातातून लीडच्या हातात जायचा, तसा तो गेला.

“एखादा खरा नंबर टाकून बघू या,” पाहुणे म्हणाले.

लीड हसला आणि मोठ्या ऐटीत त्यानं आपलाच नंबर टाइप केला. स्क्रीनवर लाल अक्षरं आली: चुकीचा नंबर. त्यानं परत टाकला. परत तेच.

पाहुण्यांनी वाकून पाहिलं. “नंबर तर अगदी बरोबर आहे. २००३ च्या सप्टेंबरनंतरची गाडी. आणि सुरुवातीला एन, म्हणजे उत्तरेकडची. तुम्ही न्यूकॅसलकडे होतात का?”

लंडनचं शोरूम ऐकून ऐकून कान किटलेली आमची सगळी टीम खाली बघत बसली. लीडचे कान लाल झाले. तो इंग्रजीत म्हणाला, “ही नवीन आहे. सप्टेंबरचं मी हिला सांगितलं होतं.” मग माझ्याकडे वळून मराठीत, हळूच, “आत्ता काही बोलू नकोस, प्लीज.”

त्या ‘प्लीज’ची मला शिसारी आली. खोटं बोलायचं चारचौघांत इंग्रजीत, आणि भीक मागायची मराठीत.

“नियम तयार आहे,” मी पाहुण्यांना इंग्रजीतच सांगितलं. “बंद ठेवायला मला लेखी सांगितलं होतं.” कीबोर्ड ओढून घेतला, बंद ठेवलेला नियम चालू केला, त्याचा नंबर टाकला. हिरवी खूण आली. त्यानंतरचे सगळे प्रश्न पाहुण्यांनी मलाच विचारले.

लीड महिनाभर माझ्याशी बोलला नाही. रिव्ह्यूमध्ये त्यानं लिहिलं, ‘टीममध्ये मिसळत नाही.’ मी त्यावर वाद न घालता सही केली आणि दुसऱ्या टीममध्ये बदली मागून घेतली. तिथली मॅनेजर डेट्रॉइटचीच, साठीला आलेली बाई. पहिल्याच दिवशी खुर्ची ओढून माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, “यातलं मला काही कळत नाही. तू समजावून सांग.”