संगणक उघडेपर्यंत

पवनीजवळच्या एका राईस मिलची जुनी संगणक प्रणाली बदलण्याचा आराखडा करण्याचं काम माझ्याकडे होतं. तिथे नोंदी करणाऱ्या बाईंचं नाव मी विचारलंच नाही. सकाळी बटण दाबून त्या पदराने संगणकाचा पडदा पुसत आणि तो रखडत उघडेपर्यंत पुण्यातल्या लेकीशी फोनवर बोलत. काम सुरू झालं की फोन बंद, हा मालकांचा नियम.

“नवा संगणक लगेच उघडेल, ताई,” मी अभिमानाने म्हणाले.

“मंग मी पोरीसंग कवा बोलू व बाई? रातपाळी करून ते तवाच खोलीवर येते, अन् झोपून जाते.”

मी आराखड्यात एक ओळ वाढवली: रोज कामाआधी संगणक आपोआप माहितीची प्रत, म्हणजे बॅकअप, काढेल; तोवर त्याला हात लावू नये. मालकांनी ती मान्य केली.

माझा लॅपटॉप क्षणात उघडतो. आईला फोन करायचा राहूनच जातो.