चटणीचे हात

आमच्या घरात कुत्रा आला तो माझ्या मनाविरुद्ध. नवरा शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत कामाला आहे. तिथल्या वॉचमनच्या कुत्रीला पिल्लं झाली, त्यातलं एक हे डब्याच्या पिशवीत घालून घेऊन आले. आई रस्त्यावरची, बाप कुठल्या तरी बंगल्यातला पॉमेरियन असावा, कारण अंगावर पांढरेशुभ्र झुपकेदार केस आणि तोंड मात्र अस्सल गल्लीतलं. मी म्हटलं, "दोन खोल्यांत आपलंच मावत न्हाई, ह्याला कुठं ठेवताय?" हे म्हणाले, "मागच्या परड्यात ऱ्हाईल की. तुला काय तरास न्हाई त्याचा."

महिन्याभरात तो माझा झाला. आम्हाला मूलबाळ नाही. स्वयंपाकघरातून परड्यात, परड्यातून स्वयंपाकघरात, असं माझ्या मागं मागं आयुष्यात कुणी फिरलेलं नव्हतं. मी घरी कांदा-लसणाची चटणी करून विकते. उन्हाळ्यात पेठेतल्या ओळखीच्या घरांतून ऑर्डरी येतात, पुण्या-मुंबईला दिलेल्या लेकींसाठी डबे भरून जातात. मी परड्यात मिरच्यांची देठं खुडत बसले की हा माझ्या पावलांवर हनुवटी टाकून झोपायचा. मिरचीच्या खकाण्यानं सटासट शिंकायचा, पण उठून जायचा नाही. नवरा कामावरून आला की त्याच्यासाठी दोनदा शेपूट हलवायची आणि परत माझ्याजवळ. "आणला म्या आन मालकीण ही," असं म्हणून हे चिडायचे. मला त्या चिडण्याचा फार आनंद व्हायचा.

दोनेक वर्षांचा झाला तेव्हा एक दिवस तो फरशीला बूड टेकवून, पुढच्या पायांनी स्वतःला ओढत ओढत दारापर्यंत गेला. गल्ली पोट धरून हसली. प्रत्येकानं निदानही केलं, आणि सगळ्यांचं निदान एकच: "जंत झाल्यात, जंत." जंताचं औषध घातलं. कुणी कडुलिंब वाटून दिला, कुणी कारल्याचा रस. आमच्या पेठेत औषध फुकट मिळतं, फक्त घ्यायला पेशंट पाहिजे. मग वास यायला लागला. सुके बोंबील पावसात भिजले आणि त्यात कुणी गंजकं लोखंड टाकलं, असा काहीतरी. मी सगळं घर फिनेलनं पुसून काढलं, कॉटखाली मेलेला उंदीर शोधला.

उंदीर सापडला नाही, पण नवऱ्याचे मामा सापडले. ते कागलकडून लग्नपत्रिका द्यायला आले होते. पांढरा लेंगा, पांढरी टोपी, कॉटवर टेकले. कुत्रा मायेनं त्यांना चिकटून बसला. तेवढ्यात तालमीच्या पोरांनी फुटबॉलची मॅच जिंकली म्हणून बाहेर फटाक्यांची माळ लावली. कुत्रा दचकला, आणि त्याच्या बुडाखालून तांबूस पाण्याची पिचकारी मामांच्या लेंग्यावर उडाली. वासाचा उगम त्या क्षणी सगळ्यांना कळला. मामा चहाला थांबले नाहीत, आणि "बसा की" म्हणायला माझीही जीभ रेटली नाही.

तेव्हा मी त्याला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर तरुण होते, बोलायला गोड. त्यांनी शेपटी वर केली आणि मला दाखवलं. घड्याळात चार आणि आठ वाजतात ना, तिथं कुत्र्याच्या बुडाला आतून दोन बारक्या पिशव्या असतात. शी घट्ट झाली की जाताना त्या दाबल्या जातात आणि रिकाम्या होतात. ह्याच्या होत नव्हत्या, तुंबत होत्या, ठणकत होत्या, म्हणून बिचारा घासत होता आणि आम्ही हसत होतो. त्यांनी हातमोजे घातले, कापूस धरला, दाबलं, आणि मिनिटाभरात काम झालं. "परत भरणार," ते म्हणाले, "तीन-चार आठवड्यांनी आणा."

तीन-चार आठवडे म्हणजे काय असतं ते पगारदार माणसाला विचारावं. पगार महिन्याला येतो आणि कुत्र्याचं बूड त्याच्या आधी. डॉक्टरांची फी, रिक्षा, कधी पू झाला तर गोळ्या आणि इंजेक्शनं. रिक्षावाले तर आम्हाला ओळखायलाच लागले. "वैनी, त्यो वासाचा हाय न्हवं? मग न्हाई जमायचं," म्हणून गाडी पुढं. सरकारी दवाखान्यात नेऊन बघितला, तर तिथं म्हशींच्या रांगेत तो असा थरथरायला लागला की तसाच परत आणला. शेजारीण म्हणाली, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. ही म्हण तिनं चटणी विकणाऱ्या बाईला ऐकवावी, याचाच मला जास्त राग आला.

खाण्याचीही पथ्यं आली. उकडलेला भोपळा, भातात इसबगोल, आणि मटणाचं चरबट काही नाही, हाडं नाहीत. हे आमच्या गल्लीत कसं जमायचं? इथं रविवारी प्रत्येक घरात रस्सा होतो आणि प्रत्येक घरातून ह्याचा वाटा निघतो. मी घरोघरी जाऊन नको म्हणून सांगितलं, तर लोकांचे चेहरे पडले. "आमच्या मटणात काय खोट हाय व्हय?" एका म्हाताऱ्यानं तर माझ्याशी बोलणंच टाकलं, कुत्र्याशी मात्र चालू ठेवलं.

डॉक्टरच एकदा म्हणाले, "वहिनी, तुमचा हात हलका आहे. शिकून घ्या, दरवेळी कशाला खर्च करताय?" मी शिकले. नवरा दिवसभर वितळलेल्या लोखंडाशी खेळतो, पण कुत्र्याची शेपटी वर केली की हा माणूस गल्लीच्या तोंडाला जाऊन उभा राहायचा. मग मीच. मोजे, कापूस, मोरीत कोमट पाणी. कुत्रा कण्हायचा, अंग चोरायचा, पण उभा राहायचा. झालं की अंग झाडायचा आणि माझं कोपर चाटायचा. वर्षभर हे असं चाललं. एवढी शरमेची जागा त्यानं माझ्या हातात दिली होती आणि वर कोपर चाटत होता.

मग तो उन्हाळा आला. मोठी ऑर्डर होती, संध्याकाळी डबे जायचे होते. डंकावरून कुटून आणलेली चटणी मी सकाळपासून परातीत हातानं कालवत होते. कुत्रा दोन दिवस घासत होता. म्हटलं, हेही उरकून घ्यावं, म्हणजे संध्याकाळी मोकळी. साबणानं दोनदा हात धुतले. मोजे घातले. मोजे आहेत म्हटल्यावर काळजी कसली! पण तिखट कातडीत मुरतं, ते साबणाला दाद देत नाही. आणि मोजे घालताना आपण एका हाताच्या बोटांनी दुसऱ्या हाताचा मोजा बोट बोट ओढून नीट बसवतो. म्हणजे सगळं तिखट मोज्याच्या बाहेरच्या बाजूला लागतं. एवढं साधं. वर्षानुवर्षं चटणी करणाऱ्या बाईला ते सुचू नये!

तो ओरडला तसा आवाज मी कुत्र्याचा कधी ऐकला नव्हता. हातातून निसटून परात उडवत परड्यात गेला आणि मातीवर बूड घासायला लागला. घासलं तसं सोललं, सोललं तसं आणखी भगभगलं. मी पाण्याचा तांब्या घेऊन धावले, धुवायला हात लावला, आणि तेव्हा कळलं की धुतेय तेही त्याच हातांनी. मग मी लांब उभी राहिले. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. मी लांब उभी राहून त्याला हाका मारत होते आणि तो भिंतीच्या कोपऱ्यात अंग चोरून माझ्याकडे बघत होता. नवरा शिफ्टवरून आला, त्यानं गार पाण्यानं धुतलं, खोबरेल लावलं. कुत्र्यानं लावू दिलं.

त्या दिवसापासून तो नवऱ्याचा झाला.

माझ्यावर कधी गुरगुरला नाही, दात दाखवले नाहीत. तसं केलं असतं तर मी भांडले तरी असते. मी परड्यात आले की तो फक्त उठायचा आणि दुसरीकडे जाऊन बसायचा. नावानं हाक मारली की एकदा बघायचा आणि आणखी दोन पावलं लांब. थाळी ठेवली की मी आत जाईपर्यंत तोंड लावायचा नाही. मी चटणी करायची थांबवली नाही, त्यावर घर चालतं, पण देठं खुडायला घरात बसायला लागले, म्हणजे परडं तरी त्याला मोकळं मिळेल. नवरा समजूत घालायचा, "इसरंल गं. मुकं जनावर हाय, किती दिवस धरून बसंल?" मुकी जनावरं फार दिवस धरून बसतात. बोलणारी माणसं भांडून मोकळी होतात, मुक्यांना तो मार्ग नसतो.

माझ्या हाताखाली तो आता उभा राहीना, म्हणून परत दवाखाना, परत रिक्षा. तेही नवऱ्याला सुट्टी असेल तेव्हाच, कारण माझ्याबरोबर तो जायचा नाही. शिफ्ट बदलली की दिवस लांबायचे. असेच एकदा फार लांबले, पिशवी आतून पिकली आणि शेपटीशेजारी फुटली. डॉक्टर म्हणाले, आता दोन्ही काढून टाकलेल्या बऱ्या. ऑपरेशनचा खर्च ऐकून नवरा बोटांवर पगार मोजायला लागला. मी म्हटलं, यंदाच्या चटणीचे पैसे आहेत. "आगं, सगळं घालतीस व्हय त्यात?" सगळं घालत होते. त्याला बरं वाटावं म्हणून तर होतंच, पण माझा लोभही होता. एकदा त्या पिशव्या गेल्या की त्याची शेपटी कुणालाच कधी वर करावी लागणार नव्हती. माझ्या हातांना भ्यायचं कारणच उरणार नव्हतं. मग तो येईल, असं मी धरून चालले होते.

ऑपरेशनच्या दिवशी नवऱ्याला ऐनवेळी सुट्टी नाकारली. मी एकटीच त्याला दोरीनं ओढत घेऊन गेले. रिक्षात तो दोरी ताणून माझ्यापासून जितकं लांब बसता येईल तितका लांब बसला. दवाखान्यात त्याला स्टीलच्या टेबलावर ठेवलं. दार लावून घेतलं. डॉक्टर सुई भरून आले, तसा तो थरथरत चारी बाजूंना बघायला लागला. नवऱ्याला शोधत होता. नवरा नव्हता. मग त्यानं माझ्याकडे बघितलं, टेबलावरून सरकत सरकत आला आणि माझ्या काखेत डोकं खुपसलं. दोन वर्षांनी. त्याचा श्वास माझ्या ब्लाऊजमधून आत लागत होता. मला रडू फुटलं.

"वा, वहिनी, छान," डॉक्टर म्हणाले, "असंच घट्ट धरा. हलू देऊ नका." मी दोन्ही हातांनी आवळलं. सुई गेली तेव्हा त्यानं डोकं ओढून बाहेर काढलं, माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि हळूहळू जड झाला.

ऑपरेशन चांगलं झालं. जखम भरली, शीचा ताबा सुटेल अशी जी भीती घातली होती तसं काही झालं नाही. घराला वास नाही, फरशीवर घासणं नाही, औषध नाही. आता तो म्हातारा होत चाललाय, सुखी आहे, रात्री नवऱ्याच्या पायाशी झोपतो. मी परड्यात आले की अजून उठतो. हल्ली मागचे पाय दुखतात त्याचे, उठायला वेळ लागतो, तरी उठतो.

शेजारीण म्हणते, तुझे पैसे सार्थकी लागले. लागलेच, मी नाही म्हणत नाही. त्याला कुणीतरी धरायलाच हवं होतं, नाहीतर सुई कशी दिली असती, हेही मला कळतं. पण मी डॉक्टरांना म्हणू शकले असते, जरा थांबा. मिनिटभर त्याच्या मानेवरून हात फिरवला असता, मग टोचली असती तरी चाललं असतं. घाई कुणालाच नव्हती. दोन वर्षांत तो एकदा आपणहून माझ्याकडे आला होता, आणि मी त्याला दाबून धरलं.