खिडकीबाहेरून ऐकलेला वासू

वासुदेव गेल्याची वार्ता मला त्याच्या मुलीने, प्राचीने, कुंपणाच्या गडग्यापलीकडून हाक मारून दिली. मी दुपारी ओटीवर पोथी उघडून बसलो होतो. "भास्करकाका, बाबा गेले... जेवून आडवे झाले होते, चहाला उठवायला गेले तर..." एवढेच ती बोलू शकली. माझ्या मनात त्या क्षणी प्रथम काय आले, ते लिहिल्यावाचून हा लेख पुढे नेणे मला प्रशस्त वाटत नाही. मला त्याचा हेवा वाटला. गेली पन्नास वर्षे मी संध्या आटोपल्यावर देवापाशी अनायास मरण मागत आलो आहे, आणि देवाने ते दिले वासूला, ज्याने ते एकदाही मागितले नसेल. पोथी मिटून, उपरणे खांद्यावर घेऊन मी त्याच्या घरी गेलो. तो उताणा, स्वस्थ निजला होता. उजव्या हाताची दोन बोटे किंचित वाकलेली होती, जणू एखादा सूर अजून धरून ठेवायचा आहे.

आमच्या जिल्ह्यात जत्रांना आणि लग्नांना ऑर्केस्ट्रा वाजवणाऱ्या तरुणांना वासूकाका कोण, हे सांगावे लागणार नाही. इतरांसाठी सांगतो. तो बेस गिटार वाजवीत असे. चार जाड तारांचे हे वाद्य गाण्याच्या तळाशी राहून खालचा सूर सांभाळते. पाया जसा घराबाहेरून दिसत नाही, तसे तेही ऐकणाऱ्याच्या सहसा लक्षात येत नाही. मालवणच्या किनाऱ्यावर ते वाजवायला शिकायचे तर वासूकडेच यावे लागे. माझ्यासाठी मात्र तो माझा सहाध्यायी होता. आम्ही दोघे एकाच दिवशी गुरुजींच्या वेदपाठशाळेत बसलो. मी पाठांतराला चिकाटीचा होतो, वासूला कान होता. जे मी शंभरदा घोकून बसवी, ते तो दोनदा ऐकून म्हणे. आणि मधेच चुकला तरी गुरुजी हसत. माझ्या न चुकण्यावर ते कधी हसल्याचे मला स्मरत नाही. सोळाव्या वर्षी वासू मामाकडे मुंबईला गेला, दिवसा दुकानात आणि संध्याकाळी एका ऑर्केस्ट्राच्या तालमीत रमला, आणि पाठशाळेत परतला नाही. त्याची पोथी गुरुजींनी रुमालात बांधून फळीवर ठेवली. माझी जीर्ण झाली, तेव्हा मी ती मागितली. गुरुजी म्हणाले, "ती नको. ती वासूची आहे." मी माझी फाटकी पोथी खळीने चिकटवून घेतली आणि तिच्यावरच अध्ययन पुरे केले. पुढे ती पाठशाळाही माझ्याकडे आली. तरीही त्या रुमालाकडे पाहिले की आपण दुसऱ्याच्या जागेवर बसलो आहोत, असे मला वाटे.

चाळिशीत वासू गावी आला आणि त्याने आपल्या माडांच्या बागेतला मांगर, म्हणजे अवजारे ठेवायची कौलारू खोली, झाडूनपुसून घेतला. दर शनिवारी सकाळी तिथे मुलेमुली जमत. देवगडपासून, अगदी खारेपाटणहूनही येत. माझ्या जपाची खिडकी नेमकी त्या मांगरासमोर. माझ्याकडे त्या वेळी दोन विद्यार्थी होते, आणि त्यांतला एक जांभया देई. पलीकडे बाराजण मांडी घालून बसलेले, आणि वासू त्यांना आपल्या मालवणीत सांगतो आहे, "गिटार घेवच्या आधी तिची मान बघ. एक डोळो मिटून, बंदुकीसारखी धरून, सरळ आसा काय ती बघ. आणि सगळे पैशे गिटारीत घालू नको. बरो ॲम्प्लिफायर असलो तर साधी गिटार पण वाजता. फुटक्या डब्यात सोन्याची गिटार लावलंस तरी डबोच वाजतलो." कुणी विचारी, घरात आहे तोच साध्या गिटारचा स्पीकर चालेल का? "चालतलो. आतलो पडदो फाटासर चालतलो!" मग हशा. गावोगावच्या मंडपातल्या विजेवर त्याचा मुळीच विश्वास नव्हता. "माइकाक तोंड लावच्या आधी टेस्टर लाव. देवाक भेटूची घाई नको." आणि समुद्राकाठच्या वादकाला तो हटकून बजावी, "खारो वारो तारांका खाता. वाजवून झाला काय कोरड्या फडक्यान पूस, मगे चाय घे."

जुन्या, बद्द झालेल्या तारा तो उकळत्या पाण्यात घाली. मळ सुटून त्या काही दिवस पुन्हा खणखणीत होत. त्यावरून एकदा वहिनी स्वयंपाकघरातून ओरडल्या, "त्या टोपात माका परत भात शिजवूक सांगल्यात तर बघा!" वासू शांतपणे म्हणाला, "अगो, भाताक वायच लोखंडाचो गुण लागतलो." बाराजण हसले. खिडकीत माझी माळ थांबली होती, आणि कितवा मणी चालला होता, तेच मला कळेना.

हेही मी सहन केले असते. परंतु वाद्यमेळात वाजवावे कसे, हे तो सांगू लागला की माझ्या अंगाची लाही होई. "ड्रमवाल्याच्या हाताकडे बघू नको. मोठ्या ड्रमाच्या पेडलावरच्या त्याच्या उजव्या पायाकडे बघ. तो पाय आणि तुझा बोट एकाच वेळी पडाक व्हया. आणि मधी जागा सोड रे. सगळीकडे वाजवत सुटलंस तर गाण्यान श्वास खंय घेवचो?" गुरुजी आम्हांला म्हणत, जिथे थांबायचे तिथे थांबलास, तरच पुढचा शब्द उभा राहतो. तेच हे होते. शब्द वेगळे, भाषा वेगळी, हातातले वाद्य तर परक्या देशातले. पण विद्या गुरुजींची होती. मी तीच विद्या शुद्ध भाषेत शिकवीत होतो आणि माझ्यापुढे जांभई येत होती. पाठशाळा माझ्याकडे होती. परंपरा कुंपण ओलांडून मांगरात गेली होती. हे मला कळले, त्या दिवसापासून मी वासूशी सरळ मनाने बोललो नाही.

एका वर्षी देवळाच्या जत्रेत माझे प्रवचन झाले. ऐकायला समोर फार थोडी मंडळी होती. त्याच सभामंडपात तासाभराने वासूचा ऑर्केस्ट्रा सुरू झाला आणि उभे राहायला जागा उरली नाही. त्याच्या एका खालच्या सुरासरशी गाभाऱ्याजवळ काहीतरी धातूचे झणझणू लागले. दुसऱ्या दिवशी मी देवस्थान समितीला पत्र लिहिले : असला घोष देवतेच्या सान्निध्यात अनुचित असून पूजेची उपकरणेही त्याने कंप पावतात, सबब हे वादन देवळापासून दूर, शाळेच्या मैदानात व्हावे. पत्रात एकही चूक नव्हती. मनातले खरे वाक्य मात्र एकही नव्हते. पत्राचे कळताच वासू दुसऱ्या सकाळी गिटार आणि स्पीकर घेऊन देवळात हजर झाला, समितीला आणि मलाही बोलावून घेतले, आणि सर्वांत खालच्या सुरापासून एकेक सूर सावकाश वाजवीत, समयांना, घंटांना, ताम्हणाला कान लावीत हिंडू लागला. नव्या जागी वाजवायचे तर आधी त्या जागेचा आवाज ओळखावा, असे तो मुलांना सांगे. ते करताना मी प्रथमच पाहिले. अखेरीस टांगत्या दिव्याची साखळी त्याने दोन बोटांत धरली आणि झणझण थांबली. "भास्करा, ह्या बघ. देव रागावलो नाय रे, ही कडी सैल झाली आसा." त्याने कडीला सुताचे चार वेढे दिले, कोपऱ्यातला स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे ओढला, "कोपऱ्यात ठेवलंस काय खालचो आवाज फुगता," एवढे म्हणाला. समितीतली मंडळी हसली, आणि पत्राचा विषय संपला. ते पत्र मी का लिहिले, हे वासूने विचारले नाही. विचारले असते तर मला बरे वाटले असते.

आता जे लिहायचे, त्यासाठीच खरे तर मी हा लेख लिहायला बसलो... गुरुजींच्या अखेरच्या दिवसांत त्यांची शुश्रूषा मी करीत होतो. जाण्याच्या आदल्या दिवशी दुपारी, मी औषधाचा चमचा पुढे केला असताना, त्यांनी वासूचे नाव घेतले. त्याला बोलावून घे, अशा अर्थाचे ते काही बोलले, आणि आणखीही काही बोलले. वासू त्या दिवशी जामसंड्यात एका कार्यक्रमासाठी होता. तिकडे जाणारी एस.टी. खाली थांब्यावर उभी होती. वाहक ओळखीचा होता. चार ओळींची चिठ्ठी त्याच्या हाती दिली असती, तर संध्याकाळपर्यंत वासू येऊन पोहोचला असता. मी दारापर्यंत गेलो आणि गाडी निघून जाईपर्यंत तिथेच उभा राहिलो. संध्याकाळी गुरुजींनी विचारले, "आला का?" मी म्हणालो, "तो गोव्याला गेला आहे." पहाटे गुरुजी गेले. वासूला मी सांगितले की निरोप धाडायला अवधीच मिळाला नाही.

ही गोष्ट मी वीस वर्षे पोटात ठेवली. जाण्याच्या दोन महिने आधी वासू इस्पितळातून घरी आला, तेव्हा आणखी थांबणे मला अशक्य झाले. तो मांगरात तारा पुशीत बसला होता.

"वासू, गुरुजींनी तुला बोलावले होते. मी निरोप पाठवला नाही."

फडके थांबले. "तू तर सांगितलंस, वेळ नव्हतो म्हणान."

"खोटे सांगितले."

"कित्याक?"

"तुझा हेवा वाटत होता."

"माझो?" तो खरोखरच चकित झाला. "मेल्या, देवळात पयलो मान तुझो, गावात पंडित तू, आणि हेवो चार तारांच्या माणसाचो?" मग त्याने फडके बाजूला ठेवले. "बरां. गुरुजी काय म्हणाले ता सांग. त्यांचे शब्द सांग. तसेच्या तसे."

मी तोंड उघडले. मला तो चमचा आठवत होता, एस.टी.चा भोंगा आठवत होता, गुरुजींच्या पांघरुणाचा काठ आठवत होता. शब्द मात्र नव्हते. ज्याच्या स्मरणावर गाव विसंबते, ज्याने साठ वर्षांत संहितेचे अक्षर गळू दिले नाही, त्या माझ्यापाशी गुरूचे अखेरचे दोन वाक्यांचे बोलणे नव्हते.

"इतकी संहिता तुका पाठ, आणि ह्या तेवढा नाय?"

"नाही."

"जा तू आता. माका वायच एकट्याक बसूक दी."

नंतर आम्ही बोलत राहिलो. त्याच्या प्रकृतीविषयी, मोहोराविषयी. त्या विषयावर नाही. त्याने मला क्षमा केली की नाही, मला ठाऊक नाही. चूक सांगण्याचे धैर्य मी कसेबसे एकवटले होते. क्षमा केलीस का, हे विचारण्याचे धैर्य मात्र मला झाले नाही.

तेरावा झाल्यानंतर एका सकाळी प्राची माझ्या ओटीवर आली. तीही बेस वाजवते. वासूने लिहून काहीच ठेवले नव्हते आणि शनिवारच्या मंडळींत वाद लागला होता. "एक म्हणतो, तारा दर दोन महिन्यांनी बदला असं बाबा सांगायचे. दुसरा म्हणतो, उकळून वर्षभर चालवा असं सांगायचे. तुम्ही समोरच असता काका, कधी काही कानावर पडलंय का?" मी विचार करण्यापूर्वीच माझ्या तोंडून निघाले, "नवी तार लग्नाक, उकळलेली तार तालमीक." प्राची माझ्याकडे पाहतच राहिली. "आणखी?" आणि मग वाक्यामागून वाक्य येऊ लागले. गिटारची मान, टेस्टर, ड्रमवाल्याचा पाय. एकही शब्द पुढेमागे नाही. जपाला बसून मी तीस वर्षे ते ऐकले होते, वैऱ्याचे बोलणे ऐकावे तसे. भक्तीला डुलकी लागते; मत्सराला लागत नाही. गुरुजींचे शब्द दुसऱ्यासाठी होते म्हणून मी ते गमावले, आणि वासूचे शब्द दुसऱ्यांसाठी होते म्हणून एकही गमावला नाही.

तेव्हापासून शनिवारी सकाळी मी मांगरात जातो. माझ्या पाठशाळेत मी कधी मालवणीत शिकवले नाही. पण पाठ बदलता येत नाही, म्हणून इथे त्याच्याच बोलीत सांगतो. मी सांगतो, ती मंडळी दोनदा म्हणतात, आणि मग वाजवतात. गेल्या शनिवारी मी सांगत होतो, "गायकाच्या वांगडा धावू नको. तो चुकलो तर चुकूंदे, तू जमीन धरून रव. तो परत तुझ्याकडेच येतलो. आधी आयक, मगे वाजव." प्राचीने हात वर केला. "काका, शेवटच्या वाक्याच्या आधी बाबा काहीतरी म्हणायचे." तो शब्द मी जाणून गाळला होता. माझ्या तोंडात तो उभ्या आयुष्यात आला नव्हता. सगळे माझ्याकडे पाहत होते. मी उपरणे सावरले आणि म्हणालो, "मेल्या, आधी आयक, मगे वाजव."

मांगर हसण्याने भरून गेला. कुणीतरी डोळे पुसले. ते हसू माझ्यासाठी नव्हते, हे मला कळत होते; तेही वासूलाच गेले. मला त्याचा हेवा वाटला... आणि मी पुढचे वाक्य सांगायला घेतले.