धामणगावचे मास्क आणि जर्मनीची चादर

ताईने जर्मनीहून चादर आणली. लेबलवर काय, तर ‘भारतीय कापूस’! आपलाच कापूस समुद्रापार फिरून आला आणि वर आम्ही तिचे आभार मानले. म्हटलं, हा कापूस घरून निघतो कसा ते तरी बघू. पुढच्याच आठवड्यात पुण्याहून अमरावतीची गाडी पकडली.

अमरावतीत उतरल्यावर आधी दही-चटणीत भिजलेला गिला वडा खा, बाकीचं नंतर. तिथून ‘धामणगाव रेल्वे’ या गावाला एसटी, बायकांना अर्धं तिकीट. कापसाच्या गाड्यांमागे अडकलात तर मात्र चिडचिड करू नका. जायचं ते दिवाळीनंतर, कापसाच्या हंगामात.

धामणगावात माझी मैत्रीण वैशाली शिक्षिका आहे. तिच्या शेजारच्या सुमनताई जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करतात तिथे, कामाला जातात. वैशालीने मालकांना विचारून ठेवलं होतं, म्हणून सकाळी सुमनताईंबरोबरच आत शिरले.

आत पांढरी धूळ तरंगत होती. दहा बायका कापसाच्या ढिगाभोवती बसून त्यातली पिसं, केस, प्लॅस्टिकचे दोरे वेचून डब्यात टाकत होत्या. सुमनताईंनी हातभर लांबून एक केस टिपला. मला तो बोटात धरल्यावरही नीट दिसेना! अशी नजर मी आजवर पाहिलेली नाही.

त्या दिवशी परदेशी कंपनीची तपासणी होती. आलेल्या मॅडमनी डबे पाहिले, मान डोलावली. सगळ्या बायकांच्या तोंडावर कोरे करकरीत मास्क. दुपारी मॅडमचा दुभाष्या मालकांबरोबर ऑफिसात गेला आणि मुकादम पेटी घेऊन आला.

“मास्क जमा करा. पुढच्या तपासणीले लागतीन.”

सगळ्यांनी काढले. सुमनताईंनी नाही.

“मी देत नाई. धूळ का आजच उडते?”

मॅडम अजून दारातच होत्या. काय चाललंय, त्यांनी मला इंग्रजीत विचारलं. मुकादम माझ्याकडे रोखून बघत होता. मी पाहुणी, नोकरी सुमनताईंची. मी सुमनताईंकडे पाहिलं.

“सांगा ना बाई, जसंच्या तसं सांगा,” सुमनताई म्हणाल्या. “कापसातला केस या मॅडमले दिसते, आमच्या छातीत कापूस जाते थो नाई दिसत?”

मी सांगितलं, शब्दन् शब्द. मॅडमनी वहीत लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सुमनताईंना कामावर घेतलं नाही. मी त्यांच्या ओट्यावर रडायच्या बेतात बसले होते.

“तुमी काहून रडून राहिल्या? बोलली तं मी.” त्यांनी माझ्यासमोर गरम भाकरी आणि ठेचा ठेवला. इतकं लाजत कधी जेवले नव्हते. परतीच्या प्रवासात माझं खिडकीबाहेर लक्षच नव्हतं.

घरी येऊन आठवडा झाला तेव्हा वैशालीचा फोन आला. उरलेल्या नऊजणी फाटकाशी जाऊन बसल्या होत्या, कापसाला हात लावेनात. तिसऱ्या दिवशी मालकांनी सुमनताईंना बोलावणं धाडलं. मास्कची ती पेटी आता रिकामी आहे. दाराजवळ दहा खिळे ठोकलेत, प्रत्येकीचा मास्क तिच्या खिळ्यावर.

फोन ठेवून मी ताईची चादर उजेडात धरली आणि केस शोधत बसले. एकही सापडला नाही.