पातळ झालेलं टाकं

आमच्या टेकडीखालच्या गोचिडाच्या टाक्यावर आराप सिगिलाई चौदा वर्षं राखणीला होता. दर मंगळवारी सगळ्यांची गुरं त्या औषधाच्या पाण्यात उडी घेत, पोहत, फुरफुरत पलीकडं निघायची. त्यांच्या अंगाला लागून पाणी घटायचं. मग सिगिलाई खुणांची काठी आत घालून बघायचा आणि घटलं तेवढं भरायचा.

भरायचं कसं, ते गुरांच्या डॉक्टरनं शिकवलं होतं. गुरांचे केस पाण्यापेक्षा औषध जास्त ओढून नेतात. म्हणून पहिल्यांदा हजार लिटरला दोन लिटर औषध घातलं, तर भर टाकताना तीन घालायचं. पण गेली दोन वर्षं सिगिलाई दोनच घालायचा. औषध पुरवून वापरतो म्हणून लोक वाखाणायचे, अन् त्याला त्याची चटक लागली. टाकं पांढरं दिसायचंच, वासही यायचा. पण मंगळवारागणिक ते पातळ होत गेलं. स्वतःच्या गाईच्या कानात जिते गोचीड दिसले, तवा त्यानं ते गुपचूप वेचून चुलीत टाकले.

पावसाळ्यात तापरांदिच नावाच्या म्हातारीची, सगळ्यांच्या कोगोची म्हणजे आजीची, एकुलती गाय गोचीडतापानं मेली. कानामागं गोचीड लोंबत होते, एरंडाच्या बियांवाणी.

गाय मेली की दुसऱ्यानं आपली दुभती गाय सांभाळायला द्यायची, ही आमची रीत. पण निष्काळजी माणसाला कोण देतंय?

म्हातारीला गाय द्यायची का, हे ठरवायच्या बैठकीत पुढारी चेरोगोनी म्हणाला, "कोगो, मंगळवार चुकवलास न्हवं? दारू गाळत बसली आसशील!"

माणसं हसली. म्हातारी मान खाली घालून म्हणाली, "येक चुकला, बाबा. पाय सुजला व्हता. म्याच खाल्ली तिला."

सिगिलाई उठला. "येका मंगळवारानं गाय मरत न्हाई, कोगो. टाकं म्या पातळ केलंय. दोन वर्सं."

कुणी हसलं नाही. चेरोगोनीनं त्याच्या हातातली खुणांची काठी काढून घेतली.

दुसऱ्या दिवशी सिगिलाई आपली दुभती गाय घेऊन म्हातारीच्या दारात गेला. "चांगली चार शेर देती," म्हणाला.

"दूध बघीन मागनं," म्हातारी म्हणाली. "आदी कान दाव."

तिनं गाईच्या कानात बोट घालून तीन गोचीड वेचले, अन् त्याच्या तळव्यावर ठेवले. तिन्ही वळवळत होते.