त्यानं विमान वळवलं

चिंचणीच्या किनाऱ्यावर मासळी वाळत घालणाऱ्या एका आजींना मी सहज विचारलं, "लढाईत इथं विमान पडलं होतं म्हणे?"

टोपली टाकून त्या ताडकन उठल्या. "म्हणे काय? मी बगितलंय!" पंखांसारखे हात पसरून त्या वाळूत चक्क धावायलाच लागल्या. "पेटलेलं विमान सरळ आमच्या घरांवर येत होतं. आमी किंचाळलो. तर त्यानं असं वळवलं, आन् समुद्रात!"

त्यांना धाप लागली. नवऱ्याबरोबर होडी काढून त्यांनीच वैमानिकाला बाहेर काढलं होतं. तो गेला होता.

"मिशीपन धड फुटली नव्हती. छत्री घेऊन उडी मारता तर वाचला असता. पन मग आमी नसतो."

मागच्या घरातून त्यांची नात, बाळ कडेवर घेऊन, त्यांना जेवायला हाका मारत होती.